ओल्या भिंतीपुढे आमची कमिटी

इथे अमेरिकेत मराठी मंडळाच्या कमिटीत असलं की घरी सांगायला रोज काहीतरी असतंच. पण आमच्या हॉलची आतली भिंत रंगवायला रामोन आला आणि इतकं साठलं, की बायको म्हणाली, "आता बाहेर कुणाला तरी सांग. माझे कान किटले!"

तर तुम्ही ऐका.

रामोन मेक्सिकोचा, गेली कित्येक वर्षं कॅलिफोर्नियात भिंती रंगवतोय. पद्धत जुनी. चुन्याचं प्लास्टर रोज थोडं लावायचं आणि ते ओलं आहे तोवर रंगवून मोकळं व्हायचं. वाळल्यावर बदल हवा असेल तर प्लास्टर फोडायचं! क्युपर्टिनोत त्याला गळ घालून मीच आणलं. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "डोकं फिरलं तर मी भिंत अर्धी सोडून जातो." तो गेला असता तर अख्ख्या मंडळात माझी शोभा!

*

आमचे अध्यक्ष सबनीस काका, रिटायर्ड क्वालिटी मॅनेजर. त्यांचा फोन आला. "आभाळाचा निळा होल्डवर ठेवायला सांग. थर्सडेला कॉलवर व्होटिंग घेऊ."

मी निरोप पोचवला. रामोनने ब्रश थांबवला नाही. "मला कशाला सांगतोस? प्लास्टरला सांग."

थर्सडेचा अख्खा कॉल हळदीकुंकवाच्या पार्किंगवर भांडण्यात गेला. निळ्याचं नावही कुणी काढलं नाही!

*

रामोनने मक्याचं शेत काढलं, सुंदर. नागपूरकर म्हणाले, "मका ठीक आहे यार, पण आपली संत्री?" लगेच कोल्हापूरकरांना ऊस हवा झाला, रत्नागिरीकरांना आंबा. रामोन बिचारा मागेल ते काढत गेला.

शेवटी आमची सेक्रेटरी केतकी भिंतीसमोर उभी राहून म्हणते, "हे फारच इंडियन ग्रोसरी वाटतंय ना रे?"

आधी मागायचं आणि मग नावं ठेवायची! मी तिथेच खुर्चीत बसलो.

*

आजूबाजूच्या माणसांचे चेहरे भिंतीवर घ्यायचे, ही मेक्सिकोच्या चित्रकारांची रीत. हे कळल्यावर कमिटी इस्त्रीचे कुर्ते घालून हजर! खजिनदारांनी तर ऑफिसच्या प्रोफाइलचा फोटोच पाठवला, टाय लावलेला.

चेहरा हुबेहूब आला. पण डोक्यावर कांद्याची पाटी.

"अरे, मी डायरेक्टर आहे!"

"माझ्या भिंतीवर सगळे कामं करतात," रामोन म्हणाला.

खजिनदार माझ्याशी अजून बोलत नाहीत. माझ्याशी! मी काय केलं?

*

पाडव्याच्या आदल्या दिवशी डेकोरेशन टीम आली. समोर मोठी भिंत दिसली, त्यांनी तोरण लावलं. सेलोटेपने. सकाळच्या ओल्या प्लास्टरवर! टेप काढली तर आंब्याचं झाड टेपबरोबर बाहेर आलं.

रामोनने सामान ट्रकमध्ये भरलं. मी दारात आडवा उभा राहिलो, अक्षरशः हात जोडले. तो थांबला. पण म्हणाला, "तुमच्यापायी या भिंतीचा आणखी एक तुकडा जरी निघाला, तरी मी गेलो."

*

काम संपत आलं होतं. कोपऱ्यात रांगोळी घालणारी एक बाई काढून झाली होती, प्लास्टरही वाळलं होतं. सकाळी सबनीस काका आले, बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "हात चुकलाय. रांगोळी डाव्या हातात हवी."

माझा तोल गेला. "काका, बास झालं! आता फोडावं लागेल ते, आणि तो निघून जाईल! डाव्या हाताने कोण घालतं रांगोळी?"

"सुमन घालायची."

काकू मागच्या वर्षी गेल्या. मी बाईच्या चेहऱ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"फोटो मीच दिला होता त्याला," काका म्हणाले. "चेहरा बरोबर आलाय. कुणी बघत असलं की ती उजव्या हाताने घालायची रे. लोक बोलायचे ना. इथे तरी तिला तिच्या हाताने घालू दे."

"काय म्हणतायत ते?" रामोनने विचारलं. मी घाबरत घाबरत सगळं इंग्लिशमध्ये सांगितलं.

त्याने ब्रश खाली ठेवला. छिन्नी-हातोडी उचलली आणि तो उजवा हात स्वतःच फोडायला घेतला.