भाजी विचारली की सुटलो

व्हिनेगरचा वास आणि कॅम्पातले किस्से, दोन्ही अंगाला चिकटून घरी येतात. वास आंघोळीनं जातो, किस्से मात्र साठत राहतात. परतीच्या वाटेवर आम्ही जीपमध्ये बसलो की एकेक बाहेर पडतो आणि आम्ही पोट धरून हसतो. पण खरं सांगू का? प्रत्येक किस्स्याच्या बुडाशी भीतीच असते.

आधी काम सांगते. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर व्हायच्या आधीच हेरायचा, अशी ही तपासणी. पातळ केलेलं व्हिनेगर त्या तोंडाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि टॉर्च मारून बघायचं. पांढरा डाग उमटला तर पुढच्या तपासण्या, नाही उमटला तर बाई घरी. मी आणि शोभा, दोघी नर्स, आलटून पालटून हे करतो. डॉक्टर मॅडम सोबत असतात.

गावोगावच्या बायांना मी 'घाबरू नका' म्हणत फिरत होते, आणि स्वतः त्या टेबलावर एकदाही झोपले नव्हते. माझी मावशी याच आजारानं गेली. शेवटी मीच तिच्याजवळ होते. तेव्हापासून तपासणीला माझा नंबर आला की मला काहीतरी दुसरं काम निघायचं.

* * *

झरीला आमचा पहिलाच कॅम्प. व्हरांडा बायांनी भरलेला, पण आत जायला कुणी उठेना. शेवटी एक सासूबाई उठल्या. टेबलापाशी आल्या आणि बाटलीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यात काय हाय?"

"व्हिनेगर."

"आमची सून नूडल्समधी टाकती, ते?"

"तेच, पातळ केलेलं."

"मंग तिलाच आधी झोपवा. तिला सवय हाय!"

व्हरांड्यापर्यंत हशा गेला. सासूबाईही हसल्या. पण टेबलावर झोपल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं ते तपासणी संपेपर्यंत सोडलं नाही. त्यांच्या बांगड्यांचे वळ दुपारपर्यंत माझ्या हातावर होते.

* * *

पालमच्या एका बाईला डाग दिसला. मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं, "डाग म्हणजे कॅन्सर नाही. नुसती सूज असली तरी डाग दिसतो. दुर्बिणीतून बघू, बारीक तुकडा तपासायला पाठवू, मग कळेल." एवढ्या बोलण्यातला बाईनं एकच शब्द ऐकला. कुठला, ते सांगायला नको.

तुकड्याचा रिपोर्ट आला. नुसती सूज. मला वाटलं, आता ही पेढे घेऊन येणार. आली ती एसटीनं, तणतणत.

"मी मरणार म्हणून नणंदेला पैठणी देऊन टाकली. आता ती परत देइना. तुमी चला मागायला!"

मॅडमना हसू आवरेना. "अहो, डाग फसवा निघाला, हे चांगलंच झालं की."

"झालं चांगलं," बाई म्हणाली. "पण रिपोर्ट येईपर्यंत मी रोज मरायले, त्याचं काय?"

यावर आमच्याकडं औषध नव्हतं. गोळ्या दिल्या त्या सुजेवरच्या. पैठणी अजून नणंदेकडंच आहे म्हणे.

* * *

देवगाव फाट्यावर सखुबाईंचं चहाचं हॉटेल. आमची जीप तिथं थांबणार म्हणजे थांबणारच. तपासणीला या म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "माझं झालंय. लेकानं शहरात नेऊन पेशीची तपासणी केली. नॉर्मल हाय."

एकदा चहा गाळता गाळता त्या सहज म्हणाल्या, "पाळी जाऊन वर्सं झाली, अन आता परत कपड्याला लागायलंय. पण रिपोर्ट नॉर्मल हाय म्हणल्यावर कशाला घाबरू?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "रिपोर्ट नॉर्मल असेल. हे रक्त नॉर्मल नाही. गाडीत बसा."

"अन चहा?"

"तो सून बघेल."

त्या चाचणीला जे दिसलं नव्हतं ते आत वाढत होतं. सखुबाईंना आता कॅन्सरचा शेक, म्हणजे रेडिएशन, चालू आहे. हॉटेल सून चालवते. आम्ही अजूनही थांबतो, पण 'सासूबाई कशा आहेत' हे कुणी विचारायचं यावरून आमच्यात नजरानजर होते.

त्या दिवशी परत येताना मी चिडून म्हणाले, "मॅडम, डाग दिसला तर तो फसवा असू शकतो. नॉर्मल आलं तर तेही फसवं. मग या तपासण्या करायच्या तरी कशाला?"

"मंगलताई, गहू चाळला तरी एखादा खडा राहतोच. म्हणून तुम्ही न चाळता दळता का? एकदा चाळून भागत नाही, पुन्हा चाळायचं." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही कधी चाळणार?"

मी खिडकीतून बाहेरचं सोयाबीन बघत बसले.

* * *

आता शोभाची गोष्ट. व्हिनेगर लावल्यावरचं ते मिनिट फार जड जातं. बाई छताकडं बघत असते. म्हणून शोभा तिला बोलती ठेवते. आज भाजी कुठली केली, मीठ जास्त झालं का, असलं काहीतरी. पण डाग दिसायला लागला की तिचा आवाज आपोआप मऊ व्हायचा आणि तोंडून निघायचं, "लेकरं किती हायती, बाई? काय करतेत?" हे तिच्याही ध्यानात नव्हतं, आणि माझ्याही.

ध्यानात आलं ते गावाच्या. एका कॅम्पात शोभा टॉर्च मारून गप्प उभी होती, तर टेबलावरची बाई रडवेल्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, भाजी इचारा की वो."

"का गं?"

"समद्या बाया म्हणायल्यात. तुमी भाजी इचारली की सुटलो, लेकरं इचारली की गेलो!"

त्या बाईला काही नव्हतं. पण शोभाचं तोंड उतरलं. त्या दिवसापासून तिनं नेम केला, डाग असो नसो, प्रत्येकीला भाजीच विचारायची. आणि तो नेम तिनं पाळला. कितीही मोठा डाग दिसला तरी, "आज भाजी काय केली, बाई?"

* * *

मॅडमनी शेवटी फर्मान काढलं. "आधी आपण, मग गाव." मला पळायला जागा राहिली नाही.

त्या सकाळी जीपमध्ये मी भीतीपायी सारखी बडबडत होते. धाकटी बारावी पास झाली होती, तिचे मार्क, तिची नर्सिंगची अ‍ॅडमिशन, सगळं दोनदा सांगून झालं. पेढेही वाटले. पहिला पेढा शोभानंच उचलला.

मग मी टेबलावर आणि शोभा पायाशी. व्हिनेगर गार लागलं. मिनिट सुरू झालं. डाग म्हणजे कॅन्सर नाही, हे मी किती बायांना सांगितलंय! आता त्यातलं एक अक्षर मला पटेना. डोळ्यांपुढं मावशीच यायला लागली.

"शोभे," मी म्हणाले, "भाजी विचार की."

टॉर्चचा उजेड जरा हलला. शोभा खाली वाकली, पुन्हा सरळ झाली. मग मऊ आवाजात म्हणाली,

"ताई, धाकटी कितवीला हाय वो तुमची?"