हिरव्या टोपीची हवा

पंक्चरच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. टायरातून काढलेले खिळे आणि माणसांचे किस्से. खिळे भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून लिहून काढते. मी चौथी पास आहे. ज्याला चुका काढायच्या असतील त्यानं आधी स्वतःच्या गाडीचं चाक काढून दाखवावं!

आमचं दुकान सोमाटण्याच्या अलीकडं, जुन्या हायवेला. मी आणि आमचे हे, दोघंच. गेल्या वर्षी समोर काचेचं टायर सेंटर झालं आणि गाड्या तिकडं वळायला लागल्या. तिथं टायरात नायट्रोजन भरतात आणि खूण म्हणून व्हॉल्व्हला हिरवी टोपी लावतात. आमची हवा फुकट, तिथली विकत. मग चांगली कुठली? विकतचीच!

ह्यांनी धसका घेतला. "आपण बी मशीन घिऊ. न्हाई चाललं तर दुकान बंद. मी जातो खंडाळ्याला, बंगल्यावर वॉचमन."

वीस वर्षं माझे हात ह्या दुकानात काळे झालेत. ते बंद करायची भाषा ऐकून मी मशीनला हो म्हटलं. शेवटी एका कंपनीच्या साहेबानं तीन महिने वापरायला मशीन ठेवलं. पसंत पडलं तर कागदावर सही करायची, नाहीतर तो परत नेणार.

*

मशीनच्या पूजेला शेजारचे आबा आले. नारळ फुटला. आबांनी साहेबाला विचारलं, "ह्यात हवा कुटनं येती?"

"इथलीच, आबा. मशीन ती आत ओढतं आणि त्यातला नायट्रोजन वेगळा काढतं."

"आन् हितल्या हवेत त्यो किती असतो?"

"चार भागांतले तीन भाग तर तोच असतो."

आबा खोबरं चावत म्हणाले, "म्हंजी दुधातनं दूध काडायचं मशीन हाय!"

*

पहिलं गिऱ्हाईक मुंबईचं. काळा चष्मा, पांढरे बूट. काच दोन बोटं खाली करून म्हणाले, "नायट्रोजन फ्रेश आहे ना?"

"सकाळीच काढलाय."

"कालचा नको हं."

हे घाबरून माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "कालचा उरला होता, तो सायकलींना घातला."

"गुड, गुड!" म्हणाले आणि चारी चाकं भरून गेले.

*

एक दादा लोणावळ्याकडून आले. मागचं चाक पार चेपलेलं, गाडी रिमवर घासत आलेली. लोणावळ्यातच हवा उतरलेली दिसली होती म्हणे.

"मग वाटेत एवढे पेट्रोलपंप लागले, हवा का नाही भरलीत?"

"अहो मावशी, आत नायट्रोजन आहे. साधी हवा मिक्स झाली असती ना!"

मी चाक खोललं. टायर कडेनं फाटलेला, रिम वाकडी.

"मिक्स काही झालं नाही," मी म्हटलं. "शुद्ध राहिला. टायर तेवढा गेला."

*

एका लग्नात तर कहर झाला. वरात निघायच्या वेळेला नवरदेवाचा मामा रुसला. का? तर व्याह्यांच्या गाडीला हिरव्या टोप्या आणि नवरदेवाच्या गाडीला काळ्या! "आदी मान, मग वरात!"

फुलांनी मढवलेली गाडी दुकानासमोर आली. मी चारी चाकं भरली. मामा म्हणाले, "स्टेपनी बी भरा." भरली. "आता वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरचं बगा."

"मामा, ट्रॅक्टरची चाकं भरस्तोवर मुहूर्त टळेल."

"मग हवा ऱ्हाऊ द्या वो," मामा म्हणाले. "टोप्या तेवड्या द्या!"

*

एक गुरुजी तावातावानं आले. टायरात बोटभर स्क्रू घुसलेला. "समोरच्यांनी सांगितलं होतं, नायट्रोजन भरला की सहा महिने चाकाकडं बघायला नको!"

"तुम्हाला सांगितलं हो, गुरुजी. स्क्रूला कुणी सांगितलं?"

*

मशीन अखेर परत गेलं. दुकान आहे तिथंच आहे. समोरचे पोरगे खिळा बघितला की हात झटकतात, तेव्हा गाडी माझ्याच दारात येते. पण त्या कागदावर माझी सही अगदी होता होता राहिली!

तीन महिने संपले आणि साहेब कागद घेऊन आला. बायको-पोरं गाडीत बसलेली. घाट उतरून कोकणात निघाले होते. मी काही बधत नव्हते. साहेबानं खुर्ची जवळ ओढली.

"मावशी, नायट्रोजननं टायर थंड राहतो. प्रेशर टिकतं. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे हा. साध्या हवेचा काय भरवसा?"

हे दाराशी उभे. तोंड एवढंसं झालेलं. मला खंडाळ्याचा बंगला, गेट आणि गेटवर बसलेले हे दिसायला लागले. मी पेन उचललं.

तेवढ्यात ह्यांची नजर साहेबाच्या गाडीवर गेली. पुढचं चाक बसलं होतं. हे एकदम खूश! नायट्रोजनचा पाइप ओढत गाडीकडं धावले.

साहेब खुर्ची पाडून त्यांच्या मागं पळाला.

"भाऊ, थांबा, थांबा! तो नको! साधीच भरा, पोरं आहेत गाडीत!"