साडीच्या घडीतली उत्तरं

इरकलीच्या घडीतून कागद पडला तेव्हा मी दुकानातल्या गादीवर नव्हते, मागच्या कपाटातून फॉल काढत होते. चाचांनी एका म्हाताऱ्या बाईंसमोर साडी फटकन उलगडली आणि चार घड्यांचा कागद त्यांच्या मांडीवर पडला. बाईंसोबत कॉलेजात जाणारी नात होती. तिनं तो उचलला आणि भर दुकानात मोठ्यानं वाचला, "माझा सर्वांत मोठा दोष असा, की मी प्रत्येक काम अचूकच करते."

म्हातारीनं चाचांकडं बघितलं. "ह्ये साडीसंगं फुकट हाय का?"

चाचा हसले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद हातात घेतला, अक्षर ओळखलं आणि तो कुर्त्याच्या खिशात घातला. मी फॉलचा गठ्ठा छातीशी धरून तिथंच उभी. जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. पण उमरग्याची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा पडतात त्याही पाय मुरगळण्याइतक्याच.

चाचांचं कापडाचं दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. तिथली बायकांची बाजू मी अकरा वर्षं सांभाळली. चाचा म्हणजे दुकानाचे मालक. सत्तरीला टेकलेले, पांढरी दाढी, चष्म्याला दोरी. त्यांची दोन्ही मुलं हैदराबादला नोकरीत. गिऱ्हाईक आमचं सीमेच्या दोन्हीकडचं, अलीकडचं मराठी आणि पलीकडचं कानडी. मला कानडी येतं ते एवढंच, की किती, नको आणि छान. कापड विकायला तेवढं पुरतं. खरं तर संसारालाही पुरावं.

त्याच वर्षी हायवेवर एक मोठं काचेचं दुकान उभं राहायला लागलं होतं. इमारत पुरी व्हायच्या आधीच बाहेर फलक लागला, 'भरती सुरू'. आमच्या ह्यांनी तो वाचला आणि मला न विचारता मोबाइलवरून माझा अर्ज भरून टाकला. पद होतं सहायक स्टोअर मॅनेजर. मला म्हणाले, "तू बी.ए. हायीस. अकरा वर्षांचा अनुभव. आन काय पायजे?"

ह्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीत तांब्याची तार भरायची, एवढंच त्यांना ठाऊक. आयुष्यात त्यांनी एकही मुलाखत दिलेली नाही. मला बघायला आले होते तेव्हासुद्धा सगळे प्रश्न त्यांच्या मामांनी विचारले होते. हे खाली मान घालून पोहे संपवत होते. पण माझ्या मुलाखतीचं ठरल्यावर ते एकदम जाणकार झाले. नेटवरून त्यांनी तीस प्रश्न आणि तीस उत्तरं काढली आणि झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली. मी भाकरी थापत असायची आणि हे ओट्याला टेकून विचारायचे, "दबावाखाली तुम्ही कसं काम करता?"

"समोर दिसायलंय की तुम्हाला," मी म्हणायची.

"असं न्हाय. हसून सांग. मॅनेजर हसतमुख असतो."

"आहो, बोटाला चटका बसलाय."

"तरीबी."

घरी पाठांतर होईना. म्हणून सर्वांत अवघड प्रश्न आणि त्यांची उत्तरं मी एका कागदावर उतरवली आणि दुकानात, दोन वर्षांत कुणीही न मागितलेल्या एका गडद जांभळ्या इरकलीत ठेवली. रिकामा वेळ मिळाला की घडी सारखी करायच्या निमित्तानं एक उत्तर वाचायचं. नेमकी तीच साडी म्हातारीनं मागितली. आणि कागद वाचून झाल्यावर घेतलीही.

त्या गेल्यावर मी चाचांपुढं जाऊन उभी राहिले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "चाचा, हायवेवरच्या दुकानात अर्ज केलाय. तुम्हाला सांगणारच होते."

चाचा गादीवरचा पसारा बघत होते. त्यांनी एक साडी ओढली आणि स्वतः घडी घालायला लागले. अकरा वर्षांत मी त्यांना साड्या उलगडतानाच बघितलं होतं. घड्या घालणं माझं काम. त्यांची घडी वाकडीच झाली. "मुलाखत कवा हाय?"

"सोमवारी."

"तीन वाजता गिऱ्हाईक नसतं," ते म्हणाले. "उद्या तीनला बसू."

मला वाटलं, समजावायला बसवतायत. नोकरी सोडू नको म्हणतील. पण दुसऱ्या दिवशी तीनच्या ठोक्याला चाचा गल्ल्यामागच्या खुर्चीवर ताठ बसले, दाढी सारखी केली आणि खिशातून माझाच कागद काढला. "मी साहेब. तू उभी राहा. न्हाय, बस. न्हाय, आधी आत येऊ का म्हणून विचार."

मी विचारलं. त्यांनी विचार करून परवानगी दिली.

"स्वतःबद्दल सांगा."

मी डोळे मिटून सुरू केलं, "मी एक मेहनती, प्रामाणिक आणि उत्साही व्यक्ती आहे."

"हे आपलं आपण सांगायचं असतं का दुसऱ्यानं?"

"आपण, चाचा. तसंच असतं."

"कमाल हाय," चाचा म्हणाले. "मग आमी गिऱ्हाइकाला लई कमी सांगतो आपल्या मालाबद्दल. पुढं. पाच वर्षांनी तुमी कुठं असाल?"

"पाच वर्षांनी मी स्वतःला संस्थेच्या प्रगतीतील एक महत्त्वाचा दुवा म्हणून पाहते."

चाचांनी चष्मा खाली घेतला. "कुनाची दुवा?"

"दुवा म्हणजे जोडणारा, चाचा. साखळीतली कडी."

"बेटा, दुवा लागती मानसाला. मानूस दुवा कसा होईल?" ते खरोखरच गोंधळले होते. मी समजावून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्यो साहेब माझ्यासारखा निघाला तर पंचाईत. सरळ सांग, इथंच असंन, दुकान चालवत असंन."

मग दोषाचा प्रश्न आला. माझं उत्तर त्यांना पाठ झालेलं होतं, त्यामुळं त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही. "अचूक काम करते म्हनं! तुझा दोष मी सांगतो. पयला, तू गिऱ्हाइकाला खरं सांगतीस. ह्यो रंग तुमाला शोभत न्हाय, असं तोंडावर म्हनतीस. त्या मास्तरीणबाई उठून गेल्या होत्या, याद हाय?"

"परत आल्या की दोन दिवसांनी."

"आल्या. पन दोन दिवस मी तुला शिव्या घातल्या ना मनात, त्याचं काय? दुसरा, नाकावर राग. तिसरा, दुपारी डबा खाल्ला की तुला पेंग येती आन तू ती घड्यांच्या ढिगाआड लपवतीस. चौथा..."

"चाचा, एकच दोष विचारतात."

"एकच? मग मानूस कसा कळंल त्यांना?" दोष मोजायला उघडलेली बोटं मिटताना त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

शेवटचा प्रश्न त्यांनी कागदावर बोट ठेवून वाचला. "सध्याची नोकरी का सोडताय?"

मला उत्तर येत होतं. नव्या आव्हानांच्या शोधात. ओठांवर होतं. पण समोर चाचा, आणि त्यांनी माझ्यावरची नजर काढून बाहेरच्या गल्लीकडं लावलेली. पंखा फिरत होता आणि गादीवर सुट्टी पडलेली ब्लाउजपिसं फडफडत होती.

"सांग की," ते बाहेर बघतच म्हणाले. "मालक म्हातारा झाला. पोरं येनार न्हायती. शटर कवा खाली येईल, सांगता येत न्हाय. खोटं हाय का यात?"

"असं मी कसं सांगू?"

"मग असं सांग, मालक लई बोलतो. त्येबी खरंच हाय."

मी हसले आणि त्याच वेळी डोळे भरून आले. चाचांनी ते बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं आणि चहा सांगितला.

पुढचे तीन दिवस गल्लीत जगणं अवघड झालं. चाचांच्या पोटात काही राहत नाही. चहावाला कप ठेवताना विचारायचा, "मॅडम, तुमची बलस्थानं काय?" समोरचा टेलर तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायचा, "आमी तुम्हालाच का घ्यावं?" मी म्हणायची, "माझं ब्लाउज आधी द्या, मग सांगते." ते मात्र सोमवारपर्यंत मिळालं नाहीच.

सोमवारी मी जुनंच ब्लाउज घालून गेले. नव्या दुकानात रंगाचा वास होता, रॅकवरचं प्लॅस्टिक निघायचं होतं. मुलाखत घ्यायला दोघं. एक पुण्याहून आलेल्या पन्नाशीच्या बाई, दुसरा लॅपटॉप घेतलेला तरणा साहेब. माझी तीस उत्तरं तयार होती. त्यांनी पहिली दहा मिनिटं एकही प्रश्न विचारला नाही. बाई म्हणाल्या, "चला, आधी दुकान बघू. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

हा प्रश्न यादीत नव्हता. मी साड्यांच्या भागात गेले, चारही बाजूंनी बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "इथं बसायला काहीच न्हाय?"

"सेल्फ सर्व्हिस आहे," साहेब म्हणाले. "लोक स्वतः बघतात, घेतात, जातात."

"साहेब, लग्नाचा बस्ता घ्यायला पंधरा माणसं येतात. त्यातली चौदा फिरतात. ठरवणारी एकच असते, आणि ती बसलेली असते. वरमाय म्हणा, मोठी आत्या म्हणा. गुडघे दुखत असतात तिचे. तिला बसायला मिळालं न्हाय तर ती बाहेर जाऊन गाडीत बसते. मग मागनं चौदाही जातात."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग खुर्च्यांवर बसून नेहमीचे प्रश्न झाले. मेहनती, प्रामाणिक आणि उत्साही मी व्यवस्थित म्हटलं. दुव्याच्या जागी अडखळले आणि चाचांचं सरळ उत्तर दिलं. नोकरी का सोडताय, हे त्यांनी विचारलंच नाही. दोष मात्र विचारला.

"मी गिऱ्हाइकाला खरं सांगते," मी म्हणाले. "रंग शोभत नसला तर तसं सांगून टाकते."

तरण्या साहेबांना गंमत वाटली. खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "असं? मग माझा हा शर्ट कसा आहे?"

आता इथं कोणतीही शहाणी बाई छान आहे म्हणाली असती. मी नीट बघितलं. "रंग चांगला आहे. पण खांदा खाली उतरलाय. एक माप लहान घ्यायला पाहिजे होता."

साहेबांचे कान लाल झाले. बाई आधी ओठ दाबून बसल्या, मग त्यांना राहवलं नाही आणि त्या इतक्या हसल्या की बाहेर रॅक जोडणारे कामगार आत डोकावले. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, गेली नोकरी. ह्यांनी तीसही प्रश्नांची यादी काढून विचारलं, "शर्टाचं यात कुठं होतं?"

नवव्या दिवशी फोन आला. मॅनेजर नाही, सहायकही नाही. बायकांच्या कपड्यांच्या विभागाची प्रमुख. शर्टाचे साहेब स्वतः बोलत होते. मी कधी येऊ म्हणून विचारलं तर म्हणाले, "पुढच्या महिन्यात या."

चाचांना सांगायला गेले तर ते जिना चढून माळ्यावरचा माल बघत होते. वरूनच म्हणाले, "मुबारक हो." खाली यायला त्यांना बराच वेळ लागला. आले ते हातात एक मोतिया रंगाची साडी घेऊन. "तिथं पयल्या दिवशी ही नेस. रंग तुला शोभतो. बग, मलाबी खरं सांगता येतं."

पहिल्या दिवशी समजलं, कंपनीनं गणवेशाचे दोन्ही रंग आधीच ठरवलेत, निळा कुर्ता आणि काळी सलवार. आणि दिवसभर उभं राहायचं. अकरा वर्षं मी मांडी घालून कापड विकलं होतं. चार दिवसांत घोट्यांना एवढी सूज आली की चपलेचा पट्टा लागेना. पाचव्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी घमेल्यात कोमट पाणी केलं, मीठ टाकलं आणि माझ्यापुढं ठेवलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, हे पहिल्यांदाच. मी पाय बुडवले. ते समोर पाटावर बसले, मोबाइल काढला आणि पायाच्या सुजेवर काय काय करतात ते एकेक करून मला वाचून दाखवायला लागले.