गजर काढायचा राहिला

मामा तिला वायरमन म्हणायचा, आणि मग सगळं घरच म्हणायला लागलं. पोरगी शाळेत असल्यापासून भंगारातले नेटवर्कचे जुने डबे उचलून आणायची, पलंगाखाली एकमेकांना जोडायची आणि त्यांचे लुकलुकणारे दिवे बघत बसायची. "दिवे बघून पोट भरतं का गं?" आई ओरडायची. कॉलेजात तिने नेटवर्किंग घेतलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, वेडाला वाट मिळाली. कसली डोंबलाची वाट! शेवटचं वर्ष निम्मं सरलं, उंबरठे झिजवून झाले, पण शिकाऊ म्हणूनही कुणी तिला दारात उभं करेना. जिथे जावं तिथे एकच प्रश्न, "अनुभव आहे का?" अहो, तो घ्यायलाच तर ती आलीय तुमच्याकडे! पण ऐकतो कोण?

"महिनाअखेरपर्यंत कुठे चिकटलीस तर ठीक," मामा म्हणाला, "नाहीतर माझ्या फरशांच्या दुकानात काउंटरवर बस." मामाच्या पोटात पाप नव्हतं. पण आईनेही मान डोलावली, ते मात्र तिला फार लागलं.

मग तिने अर्ज पाठवणं सोडलं आणि काकांचं दुकान गाठलं. काका काही तिचे काका नव्हेत. कार्यालयांची नेटवर्कं सांभाळणारा हा वाळका, तिरसट माणूस सगळ्या बाजाराचाच काका होता. "शिडी धरीन, केबल ओढीन, पण हाताखाली घ्या," ती म्हणाली. काकांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आठवडाभर ये. हात बघतो तुझा, मग बोलू."

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी ते तिला एका परीक्षा केंद्रावर घेऊन गेले. तिथे पेपर संगणकावर द्यायचा असे. वरच्या हॉलमधले सगळे संगणक जिन्याखालच्या कपाटातल्या एका डब्याला जोडलेले. त्या डब्यात एक बदल करायचा होता, आणि काकांनी लॅपटॉप चक्क तिच्यापुढे सरकवला.

काकांची एक सवय होती. लॅपटॉपवरून डब्याला हात लावायचा, तर आधी त्याला बजावून ठेवायचं की अर्ध्या तासाने बाबा तू आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू हो. चुकून डब्यापर्यंतची आपलीच वाट आपण बंद केली, तर डबा उठताना अर्धवट बदल विसरतो आणि वाट मोकळी होते. याला ते गजर म्हणायचे. बदल नीट बसला की तो जतन करायचा आणि गजर आठवणीने काढायचा.

तिने गजर लावला. बदल केला. पहिल्या फटक्यात बसला! तिने जतन केला, काका "बरं" म्हणाले, आणि काकांच्या तोंडून "बरं" म्हणजे फारच झालं. ती हवेतच गेली. उरलेली केबल गुंडाळायला उठली. काकांनी लॅपटॉप पिशवीत घातला. "मी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कामावर जातो. पेपर सुरू होईपर्यंत तू थांब इथे."

पोरंपोरी रांगेने येऊ लागली. मोबाइल दाराशी टोपलीत ठेवत होती. तेवढ्यात टोपलीतला एक मोबाइल ठणाणा वाजायला लागला. "अगंबाई, गजर बंद करायचाच राहिला!" म्हणत एक मुलगी मागे धावली.

वायरमनने हातातली केबल खाली टाकली. आपण तरी काढला का? तिने आठवून बघितलं, पुन्हा आठवून बघितलं. नाही काढला. म्हणजे पेपर ऐन रंगात असताना डबा बंद पडणार, आणि हॉलमधले सगळे पडदे थिजणार. लॅपटॉप काकांकडे. काकांना फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. शिडीवर चढले की ते फोन पिशवीत टाकत.

गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? डबा जुना आहे, बसला असेल म्हणून विषय मिटला असता. आणि तोंड उघडलं तर आठवडाभराच्या मेहनतीवर पाणी, मामाचं काउंटर ठरलेलं. टोपलीपाशी एक मुलगा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता, पाठ केलेलं सांडू नये म्हणून जपत असावा. त्याला बघून तिला राहवेना. ती तडक केंद्रप्रमुख बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, पेपर थोडा उशिरा सुरू करा. माझ्या हातून चूक झालीय. डबा मध्येच बंद होणार आहे."

"तुम्ही कोण?"

"शिकाऊ."

"शिकाऊ!" बाईंचा पारा चढला. त्यांनी चार खडे बोल सुनावले, पण पेपर थांबवला. हॉलमध्ये गलका उठला. ती जिन्याखाली कपाटासमोर उकिडवी बसली, जीव मुठीत धरून. हिरवे दिवे लुकलुकत होते. आता जातील, आता जातील... वेळ भरली. दिवे लुकलुकतच होते. वेळ टळून गेली, तरी एकही दिवा विझला नाही.

"काय झालं तुमच्या डब्याचं?" मागून बाईंचा आवाज आला.

"नाही बंद पडला," ती कशीबशी म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेपर सुरू झाला. काका आले ते बाईंनी फोनवर घेतलेली हजेरी ऐकूनच. ती उभी राहिली.

"गजर मी काढला होता," काका म्हणाले. "तू केबल गुंडाळत होतीस तेव्हा."

"मग मला सांगायचं नाही का?" ती म्हणाली. "माझा इथे जीव जात होता!"

काका कपाटातले दिवे तपासत म्हणाले, "शिकाऊ पोरं विसरतात. मी मागून गुपचूप काढतो. तुझ्या आधीच्याला तर शेवटपर्यंत कळलं नाही, आपण विसरतो म्हणून. चुकलं माझं." मग घसा खाकरून म्हणाले, "बाई भडकल्यात. हे केंद्र आपल्याकडे राहतं की जातं, उद्या कळेल."

"मी उद्यापासून येऊ नको ना?"

काकांनी खांद्यावरची लॅपटॉपची पिशवी काढली आणि तिच्या खांद्यावर अडकवली. "सोमवारी पलीकडच्या इमारतीतला डबा आहे. गजर तूच लावायचास, तूच काढायचास. मी मागून बघणार नाही."

ती रस्त्यावर आली तोच आईचा फोन. "मामा विचारतोय गं, दुकानात कधीपासून येतेस?"

"त्याला म्हणावं, दुसरं कुणीतरी बघ," ती म्हणाली. आई पलीकडून काय काय विचारत राहिली, पण तिचं लक्ष नव्हतं. ती चार पावलं चालली, थबकली आणि आल्या वाटेने परत जिन्याखाली गेली. दिवे चालू होते. तरी पेपर सुटेपर्यंत ती पिशवी मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिली.