रंग न दिलेलं दार

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात भाजी घेत होतो. “दादा, हे गेले... सकाळी दुकानात, खुर्चीवरच,” त्याची बायको नजमाभाभी एवढंच बोलली. येत्या रविवारी त्याच्याकडे लोणंदला जायचं आणि एक गोष्ट कबूल करून टाकायची, असं मी ठरवलं होतं. तसं मी तीन वर्षं ठरवतच होतो. पोचलो तो त्याच्या मातीला.

आम्ही शाळेच्याही आधीपासूनचे दोस्त. त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. दुरुस्तीचे टीव्ही आटले तसा तो कॉम्प्युटरकडे वळला आणि साठीत एका वेडात पडला. इंटरनेटवर एक मुक्त सॉफ्टवेअर मिळतं. त्यात आपण आपलं जग उभारायचं आणि पडद्यावर त्यातून हिंडायचं. त्याची आतली रचना कुणीही उघडून बघावी, हवी तशी बदलावी. सलीम भाळला तो यावरच. “ज्याचं मागचं झाकण उघडत न्हाई, ती वस्तू आपली कशी म्हणायची रं?” म्हणायचा. त्यात त्यानं उभी केली, रस्ता रुंद होण्याआधीची आमची पेठ. एकेक ओटा, एकेक पायरी. मात्र दोन माणसांनी वेगवेगळं सांगून जुळल्याशिवाय तो कशालाच रंग द्यायचा नाही. एकाच माणसाची आठवण वहीत थांबायची आणि ते घर पडद्यावर पांढरंफटक राहायचं. त्यामुळे त्याची पेठ अर्धी रंगीत, अर्धी कोरी होती.

गेल्या वर्षी त्यानं त्यात प्रश्नांची उत्तरं देणारं नवं यंत्र जोडलं. दारापाशी जाऊन विचारायचं, इथं कोण राहायचं? पहिल्याच दिवशी त्या शहाण्यानं पिठाच्या गिरणीला सोनाराची पेढी करून टाकलं, तेही अगदी ठासून. सलीमला जेवण गोड लागेना. मग महिनाभर खपून त्यानं त्याला जुळलेल्या साक्षींपुरतं बांधून घातलं आणि बाकीच्यासाठी एकच वाक्य दिलं: “माहीत न्हाई. इचारून सांगतो.”

त्या पेठेत माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. मी सहा वर्षांचा असताना ते गेले, पाठोपाठ दुकानही गेलं. भेट झाली की सलीम विचारायचा, “वसंता, दाराचा रंग कंचा हुता गड्या?” मी म्हणायचो, सवडीनं सांगतो. खरं सांगायचं तर मला आठवत नव्हतं. दार नाही, दुकान नाही... फोटोतले सोडले तर वडीलही नाहीत. सगळ्या गावाची दारं लक्षात ठेवणाऱ्या माणसापुढे हे कबूल करायची मला लाज वाटली. तेवढं एक वाक्य बोललो असतो तर त्यानं दुसरं कुणी शोधलं असतं. तेव्हा पेठेतली दोन-तीन म्हातारी माणसं होती. आता नाहीत.

सलीमचं चाळिसावं झाल्यावर भाभीनं त्याच्या दुकानात ती वही पुढं ठेवली. आमच्या दुकानाचं पान होतं. ‘दार निळं, खालच्या अंगाला कुत्र्यानं ओरबाडलेलं. काका आम्हा दोघांना गादीवर बसवायचे. साक्ष एक : मी. साक्ष दोन : वसंता, विचारणे.’ त्याखाली वेगवेगळ्या पेनांनी पाच वेळा ‘विचारणे’.

“सही करा की दादा, रंग दिऊन टाकू,” भाभी म्हणाली. मी पेन हातात घेतलं. निळं वाचल्यापासून मला निळं दार दिसायलाही लागलं होतं. पण ते सलीमचं निळं होतं, माझं नव्हे. भाभीला तसं सांगितलं. त्याला सांगायचं राहिलेलं वाक्य शेवटी तिच्यापाशी बोललो आणि मला रडू आवरेना. ती चहा ठेवायला आत गेली.

मी त्याच्या खुर्चीवर बसलो. पडद्यावर पेठेतून चालत आमच्या कोऱ्या दारापाशी गेलो आणि विचारलं, या दाराचा रंग कोणता होता?

“माहीत न्हाई. इचारून सांगतो.”

चहा आला, निवला. मी तिथंच बसून होतो... तो विचारून येईल म्हणून.