आत्याने आणलेली दोन ढेकळं

मंडळी, आज सकाळी बाळकुमच्या आमच्या फ्लॅटमध्ये जे बघितलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आत्या जतहून आलेली. तिकडे आमची कोरडवाहू जमीन आहे, अर्धी तिची, अर्धी पप्पांची. बघते दोन्ही तीच. पण स्वतःच्या वाट्यात तिने पाच वर्षं नांगर घातलेला नाही. ज्वारी कापल्यावर खालची धसकटं मुळांसकट तशीच ठेवते आणि मधल्या जागेत बी टोकते. गाव तिला आळशी म्हणतं. पप्पासुद्धा फोनवर तेच म्हणायचे, आणि आपला वाटा दर उन्हाळ्यात ट्रॅक्टरने नांगरून घ्यायला लावायचे. मीही हसलेलो.

चहा झाल्यावर आत्याने पिशवीतून दोन वाळलेली ढेकळं काढली आणि पाण्याच्या दोन ग्लासांत सोडली.

पप्पांच्या वाट्यातलं ढेकूळ दोन मिनिटांत विरघळलं, पाणी गढूळ. आत्याचं जसंच्या तसं, पाणी नितळ!

"दादा, पाऊस पडला की तुझं रान असं हुतंय," ती म्हणाली. "वर पापडी धरती, पाणी आत मुरत न्हाई. माझी माती मुळांनी धरून ठेवलीया."

काय बाई आहे राव! पाच वर्षं टोमणे ऐकले, एकदाही वाद घातला नाही.

दुपारी आई ग्लास घासायला घेत होती, तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले, "तिचा राहू दे."

संध्याकाळ झालीय, ढेकूळ अजून शाबूत आहे. पप्पा येता-जाता वाकून बघतायत.

तुमच्या घरात असं कोण आहे, ज्याला तुम्ही न बघताच आळशी ठरवलंय?