दौंडच्या काठापर्यंतचा व्हिसा

शिरूरच्या स्टँडवर त्या दिवसांत एकच विषय होता. एकाहत्तरच्या लढाईपासून पाच वर्षं बंद असलेलं आकाश भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या विमानांना खुलं केलं होतं. स्वतःच्या बांधावरून शेजाऱ्याची शेळी जाऊ न देणारी माणसं दोन्ही सरकारांच्या दिलदारीचं कौतुक करत होती. आधी भांडून आकाशाला कुलूप घालायचं आणि मग तेच काढल्याबद्दल हार घालून घ्यायचे, याची मला भयंकर चीड येते. मी मुकाट्याने दौंडची एसटी पकडली.

बरोबर माझा मित्र रशीद होता, भीमेच्या अलीकडच्या, शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याचा शेतकरी. त्याची बहीण जैनब कराचीहून विमानाने मुंबईला आणि तिथून रेल्वेने दौंडला, सासरच्यांकडे उतरली होती. तिचा नवरा दौंडचा रेल्वेवाला, फाळणीत बदली घेऊन तिकडे गेलेला. पासष्टच्या लढाईनंतर तिचं माहेर तुटलंच. तिची आई, आमच्या चाची, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. लेक एकदा उंबऱ्याच्या आत यावी, एवढाच त्यांचा ध्यास.

न्हावऱ्याला बस पंक्चर झाली. गार, तेलकट भजी खाताना शेजारी बसलेल्या एका आबांनी विचारपूस केली.

"मग घिऊन जावा की बहिणीला घरी. अडलंय कुठं?"

"व्हिसावर दौंड लिवलंय, आबा," रशीद म्हणाला. "मांडवगण न्हाई."

"म्हंजी समुद्रावरनं येऊ देत्यात, आन् भीमा वलांडू देत न्हाईत?"

"व्हय."

"येडी का खुळी म्हणायची ही सरकारं?" म्हणत आबांनी उरलेली भजी कुत्र्यापुढे टाकली.

दौंडला पोलीस कचेरीतले साहेब अगदी गोड बोलले. गाव वाढवायचं तर दिल्लीला अर्ज करा, म्हणाले. उत्तर येईपर्यंत जैनबचा व्हिसा संपणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. बाहेर मात्र त्यांचा शिपाई हळूच म्हणाला, "दौंड गाव का दौंड तालुका, ते व्हिसावर लिवलं न्हाई. मी तालुका धरतो. पर काठाच्या फुडं पाऊल न्हाई टाकायचं."

म्हणून जैनबला आणि शिपायाला घेऊन आम्ही मांडवगणच्या समोरच्या काठावर गेलो. रशीद पलीकडे जाऊन चाचींना काहिलीत (उसाचा रस आटवायची रुंद कढई, इथे नदीही तिच्यातूनच ओलांडतात) गोधडीवर बसवून घेऊन आला. मायलेकी गळ्यात पडून रडल्या. मीही रडलो. शिपाई पाठ फिरवून विडी ओढत राहिला.

जैनबला आईच्या पदराची गाठ दिसली. त्यात भाकरतुकडा होता (माहेरी आलेल्या लेकीवरून दारातच ओवाळून टाकतात, दृष्ट लागू नये म्हणून).

"ओवाळ की, मा."

चाचींनी गाठ सोडली, तुकडा हातात घेतला, खालच्या वाळूकडे पाहिलं आणि गाठ पुन्हा बांधली.

"न्हाई. ह्यो उंबऱ्यावर ओवाळायचा. ही वाळू काय माझं घर हाय?"

"मा, आता पुन्हा कवा येणं हुईल..."

"येशील तवा ओवाळीन."

शिपायाला राहवलं नाही. "ओवाळा, चाची. आता तर आभाळ बी खुलं झालंय."

"मी काय आभाळात ऱ्हाते व्हय रं?"

जैनब काठावर उभी राहिली आणि आम्ही तिघे काहिलीतून मांडवगणला परतलो. तिच्याकडे मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी शिरूरला उतरलो, तर स्टँडवर आकाशाच्या गप्पा चालूच होत्या. एकाने तर वर बोट करून मला त्याचा नवा मोकळेपणा दाखवला. या शहाण्यांना आणि त्यांच्या दोन्ही सरकारांना त्या काहिलीत कोंबून भर नदीत सोडून द्यावं, असं मनापासून वाटलं.

तो तुकडा चाचींनी उंबऱ्याजवळच्या कोनाड्यात ठेवायला लावलाय. उंदरांनी नेऊ नये म्हणून त्यावर वाटी पालथी घातलेली आहे.